मधली पडीत

पटवारकीच्या इतक्या वर्षांत मी एकच गुन्हा नीट ओळखायला शिकलो, धुरा कोरणं. दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. नांगरताना शेजारी हळूच त्यातला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्याकडे ओढून घेतो. पुढच्या वर्षी आणखी एक. पाच-सात वर्षांनी धुरा जागचा हललेला असतो आणि विचारलं तर माणूस म्हणतो, "साहेब, पावसानं वाहून गेला." सख्खे भाऊ धुरा कोरतात, व्याही कोरतात, भजनी मंडळाचे अध्यक्षही कोरतात. मी कुणाचा चेहरा बघत नाही, बांध बघतो. नागपुरात महाल भागात माझ्या घरी सणासुदीला पाहुणे आले की मी त्यांना हेच किस्से सांगतो आणि बायको म्हणते, "पुरे झाले तुमचे धुरे, जेवायला बसा."

म्हणून कोराडीच्या अलीकडच्या त्या गावात माझी बदली झाली आणि रुपराव-भैय्याजींचं प्रकरण समोर आलं, तेव्हा माझं डोकंच चालेना.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. कोराडीला पॉवरहाऊसचं काम जोरात होतं, चिमण्या वर चढत होत्या. कामगारांच्या क्वार्टरांपासून मोठ्या सडकेपर्यंत नवा रस्ता काढायचा होता. इंजिनिअरसाहेबांनी नकाशावर रेघ ओढली आणि मला सांगितलं, "हा बघा, इथे शेतांच्या मध्ये पडीत पट्टा आहे. कुणाचं पीक जात नाही, कुणाचं नुकसान नाही. रस्ता इथूनच. मालकानं हरकत घेतली, तर जुना गाडरस्ता आहेच, तिकडून नेऊ. फक्त मालक कोण ते लिहून द्या."

एवढंच काम होतं. पीकपाहणीला जायचंच होतं, त्यात हेही उरकू म्हणून मी निघालो. बसने सडकेवर उतरलो, कोतवालाला बरोबर घेतलं. कोतवालाचं नाव नानाजी. म्हातारा, काटक, आणि विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणारा. असले कोतवाल मला आवडत नाहीत, कारण मग सगळं मला विचारावं लागतं.

शेताच्या कडेला पोचलो आणि मी उभाच राहिलो. एका बाजूला कपाशी, बोंडं फुटायला लागलेली. दुसऱ्या बाजूला ज्वारी, कणसं भरलेली, मधून तुरीच्या ओळी. आणि दोन्हींच्या मध्ये एक रुंद पट्टा, कमरेएवढं गवत माजलेलं. मध्यभागी काही जुनी बोरीची झुडपं रांगेत उभी. पट्ट्याच्या टोकाला कुडाची एक झोपडी, शेजारी गोठा, दोन गाई, एक कालवड. काळी, भुसभुशीत, कपाशीला हवी तशी जमीन. अशी जमीन कुणी सोडतो का?

"हे कुणाचं?" मी नानाजीला विचारलं.

"कोणाचंच नाही जी."

"कोणाचंच नाही म्हणजे? आभाळातून पडली का?"

नानाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तसंच समजा."

आता पडीत म्हटल्यावर माझं डोकं आपोआप चालतं. लोक सगळ्याला पडीत म्हणतात, पण आमच्या दप्तरात पडीत एक प्रकारची नसते. यंदा पेरली नाही, पुढं पेरतील, ती चालू पड. वर्षानुवर्षं नांगर लागला नाही, ती कायम पड. जिथं दगड-नाल्यामुळे पिकूच शकत नाही, तो पोटखराबा. गावच्या गुरांसाठी सोडलेलं ते गायरान. आणि प्रत्येक पडीतीमागं कारण असतं. बैल मेला, बी मिळालं नाही, घरधनी गेला, कोर्टात वाद लागला, नाहीतर माणूस आळशी असतो. मी कारण लिहितो आणि पुढं जातो. इथं कुठलंच कारण दिसेना. जमीन चांगली, दोन्हीकडची शेती चांगली, माणसं कामसू. मी वही उघडली आणि बंद केली.

कपाशीकडून एक जण येताना दिसला. डोक्याला पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात बैलाचा कासरा. मागं एक तांबडा बैल. नानाजी हळूच म्हणाला, "रुपराव. मोठा भाऊ. ज्वारी लहान्याची, भैय्याजीची."

मी विचारलं, "रुपराव, हा पट्टा तुमचा का?"

"नाही साहेब. माहं हे इथपर्यंत." त्यांनी कपाशीच्या शेवटच्या ओळीवर पाय ठेवला. "पुढचं लहान्याचं."

"भैय्याजीचं?"

रुपरावांनी नाव ऐकल्यासारखंही दाखवलं नाही. "लहान्याचं," असं पुन्हा म्हणाले आणि बैल घेऊन वळले.

मला बरं वाटलं. चला, मालक सापडला. ज्वारीच्या बाजूनं जाऊन मी भैय्याजीला गाठलं. हा पन्नाशीचा, भावासारखाच उंच, पण चेहऱ्यावर सदैव कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा भाव. त्याचा पांढरा बैल गाडीला जुंपलेला होता आणि त्याच्या खांद्यावर जुवाखाली मोठी सूज आली होती.

"भैय्याजी, मधला पट्टा तुमचा आहे ना?"

"कोणं सांगितलं?"

"तुमच्या भावानं."

"खोटं हाये. माहं ज्वारीपर्यंत. पुढचं त्याचं."

मी हसलो. मग हसू थांबलं. कारण भैय्याजी गंभीर होता. माझ्या नोकरीत जमिनीवरून दोन भाऊ भांडतात ते 'माझं, माझं' म्हणून. इथं दोघंही 'त्याचं, त्याचं' म्हणत होते आणि दोघंही तितकेच चिडलेले. मला वाटलं, हे काहीतरी माझीच गंमत करतायत. मी नानाजीकडं वळलो. नानाजी आभाळातल्या घारीकडं बघत होता.

"नानाजी, आता तुम्ही सांगता का मी बसनं परत जाऊ?"

मग त्यानं सांगितलं. सांगताना मात्र तो सरळ सांगत होता, मध्ये न थांबता.

बापानं मरायच्या आधी तोंडी वाटणी करून दिली. मध्ये बोरीची रांग, तोच धुरा. बैलजोडीही वाटली, तांबडा मोठ्याला, पांढरा लहान्याला. वाटणी कागदावर आली नाही, दप्तरात अजून बापाचंच नाव. बाप गेला आणि त्याच वर्षी पोळ्याला, तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे असताना, रुपराव भैय्याजीला म्हणाले, "धुरा कोरला तू. एक तास माह्या बाजूनं आला तुहा नांगर." सगळ्या गावासमोर. भैय्याजीनं बैल तिथनंच परत नेला, तोरण तुटून पोळा फुटायच्याही आधी. आणि पुढच्या पेरणीला, भावाला दाखवायला म्हणून, धुऱ्यापासून एक तास सोडून पेरलं. घे बघ, मी धुरा कोरत नाही, सोडतो.

"मंग मोठ्यानंही एक तास सोडला," नानाजी म्हणाला. "तो काहून मागं राहीन? लहान्यानं मंग अखीन एक सोडला."

"आणि बोलणं?"

"बोलणं तवाचं बंद. त्याच्या बाजूले हा पाय ठेवत नाही, याच्या बाजूले तो ठेवत नाही."

मी त्या पट्ट्याकडं बघितलं. उलटा धुरा. जगात कुठं असं झालेलं मी ऐकलं नव्हतं. दोघं माणसं वर्षानुवर्षं मागं मागं सरकत होती आणि मध्ये गवत वाढत होतं. नांगर आडवा घालणाऱ्याचा कान धरायचं मला माहीत होतं. मागं सरकणाऱ्याचं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"आणि झोपडी?"

"गोपिकाबाईची. या दोघायची बहीण."

गोपिकाबाई गोठ्यातून धार काढून येत होती. चाळीसची असेल. नाकात मोठी चमकी, हातात दुधाची चरवी. तिनं मला बघून पदर सारखा केला, चरवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "रस्ता माह्या गोठ्यातूनच काढून राहिले का साहेब?"

मी म्हटलं, "बाई, रस्ता सरकारचा. पण गोठा कुणाच्या जागेत आहे?"

"भावाच्या."

"कोणत्या?"

तिनं एकदा कपाशीकडं, एकदा ज्वारीकडं बघितलं. मग म्हणाली, "दोघांच्या."

तिची कहाणी तिनंच सांगितली, दूध मोजता मोजता, रडगाणं न करता. नवरा सावनेरकडं खाणीत कामाला. तिकडं त्यानं दुसरी केली. ही आपली आंदणातली गाय घेऊन माहेरी निघून आली. पण माहेर कोणतं? मोठ्याकडं राहिली तर लहान्याला राग, लहान्याकडं राहिली तर मोठ्याला. दोन्ही वहिन्या तोंडानं गोड, पण घर कुणी उघडेना. मग तिनं इथं, मधल्या पडीतीत, कुडाची झोपडी बांधली. कुणी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायला जागा कुणाची तरी असायला हवी. आता तिच्या दोन गाई झाल्या आणि दूध कोराडीच्या क्वार्टरांत जातं. तिचं पोट त्या गवतावर आहे.

"आन् सणाले?" मी उगाच विचारलं.

"भाऊबीजेले दोघंही येतात," ती म्हणाली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "मोठा सकाळी येते, लहाना संध्याकाळी. याच जागेवर. दुसरीकडं कोठी दोघंही पाय ठेवू शकत नाही ना साहेब. ना मोठा लहान्याच्या वावरात, ना लहाना मोठ्याच्या. ही एकच जागा हाये."

मला त्या बाईचा हेवा वाटला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. मी पुन्हा नकाशा बघितला. इंजिनिअरसाहेबांची रेघ गोठ्याच्या बरोबर मधून जात होती. कुणी तरी चुन्यानं जमिनीवर खुणाही केल्या होत्या. गाईच्या खुंट्याजवळ पांढरा फराटा होता.

गोष्ट सोपी होती. मालकानं हरकत घेतली तर रस्ता गाडरस्त्यानं जाईल आणि गोठा वाचेल. मालक नसेल, तर गोठा जाईल, गवत जाईल, गाई जातील. आणि मालक होण्यासारखे दोघं होते आणि दोघंही शपथेवर सांगणार होते की ते मालक नाहीत. कारण रुपरावांनी 'माझं' म्हटलं, तर भैय्याजी पोळ्याचा दिवस आठवून म्हणेल, बघा, कोण धुरा कोरतं. आणि भैय्याजीनं 'माझं' म्हटलं, तर रुपराव बरोबर ठरतील. अब्रूसाठी दोघं बहिणीचा गोठा रस्त्याखाली घालायला निघाले होते. मला संताप आला. एका फटक्यात दोघांना सरळ करावं असं वाटलं, पण पटवाऱ्याला तेवढे अधिकार कुठले.

मी नानाजीला पाठवून दोन्ही भावांना बोरीखाली बोलावलं. रुपराव आपल्या कपाशीच्या कडेला उभे राहिले, भैय्याजी आपल्या ज्वारीच्या कडेला. मध्ये गवत, गवतात मी. दोघांशी बोलायचं तर मला मान डावी-उजवी करावी लागत होती.

"हे बघा," मी म्हटलं, "मला एकच सांगा. रस्ता गोठ्यावरून जाणार आहे. तुमच्यापैकी एकानं हरकत घेतली की थांबेल. हरकत घ्यायची तर जमीन आपली आहे म्हणावं लागेल. कोण म्हणतो?"

रुपराव जमिनीकडं बघत राहिले. भैय्याजी आभाळाकडं.

"एक तास तरी कुणी आपला म्हणा," मी म्हटलं. "अर्धा म्हणा."

"माहं नाही साहेब," रुपराव म्हणाले.

"माहंही नाही," भैय्याजी म्हणाला.

आता माझं डोकं खरंच फिरलं. मी ओरडलो, "मग बहिणीचं आहे म्हणा! कायद्यानं तिचाही वाटा आहे. बाप गेला तेव्हा तीही वारस झाली. तुम्ही तिघं आहात, दोन नाही!"

वाऱ्यानं गवत हललं तेवढंच. मला वाटलं, मी मोठं काही सांगितलं. पण गोपिकाबाई चरवी तिथंच ठेवून माझ्या अंगावर आल्यासारखी आली.

"तुम्हाले कोणं विचारलं साहेब?"

"बाई, मी तुझ्याच—"

"म्या मागितलं का? म्या कधी वाटा मागितला का या भावायले? मी बहीण हावो, भागीदार नाही. वाटा मागितला की बहीण राहत नाही, शेजारीण होते. बिघाभर जमीन घेऊन मी दोन भाऊ घालवू? जाऊ द्या गोठा. गाई विकीन मी."

तिचा आवाज फाटला. ती बरोबर होती. माझ्या सगळ्या गावांत बहिणी हक्क सोडून देतात, कागदावर अंगठा उमटवतात आणि बदल्यात साडी घेऊन जातात. मी स्वतः किती तरी अंगठे घेतले असतील. कुणी मागितला की त्या घरात तिचं येणं-जाणं संपतं. हे मला माहीत होतं, तरी मी ओरडलो. भाऊ आपापल्या कडेलाच उभे होते. मला त्यांचा राग आला, तिचा आला, इंजिनिअरचा आला आणि माझाही आला.

काय करावं ते सुचेना म्हणून मी गवतात चालायला लागलो. पटवाऱ्याची सवय, डोकं बंद पडलं की पाय चालतात. बोरीपासून कपाशीकडं, मग परत बोरीपासून ज्वारीकडं. आणि चालता चालता मला काहीतरी खटकलं. बोरीच्या दोन्ही बाजूला एक अरुंद पट्टी होती, तिथलं गवत जुनं, मुळं खोल, मध्ये बोरीची पोरंही वाढलेली. पण त्याच्या पुढचा सगळा पट्टा, दोन्हीकडचा, तिथं झुडूप नव्हतं, गवत नवं होतं आणि कपाशी-ज्वारीचे जुने बुडखे अजून मातीत दिसत होते. म्हणजे पोळ्याच्या भांडणानंतर हे दोघं किती मागं सरकले, तर चार-सहा तास. बाकी सगळं नंतर, एकदम सोडलेलं. दोघांनीही.

"नानाजी," मी विचारलं, "गोपिकाबाई कधी आली?"

"दुष्काळाच्या साली जी."

मी तिथंच थांबलो. दुष्काळाच्या साली माणसं धुऱ्यावरही पेरत होती. नाल्याच्या काठावर मिळेल तिथं दोन दाणे टाकत होती. मी तेव्हा दुसऱ्या गावात होतो, पाहिलंय सगळं. आणि त्या साली हे दोघं, कुणी मागं सरकायला न सांगता, एवढी जमीन सोडून बसले?

मी परत आलो. मान डावी-उजवी न करता, मध्ये बघूनच विचारलं, "दुष्काळात एवढी जमीन काहून सोडली?"

रुपराव म्हणाले, "धुऱ्याची कटकट नको म्हनून."

भैय्याजी म्हणाला, "तेच."

"दोघांनाही त्याच वर्षी कटकट नको झाली?"

रुपरावांनी कासरा हातावर गुंडाळला आणि पुन्हा सोडला. गोपिकाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं की तिला माहीत आहे, कधीपासून माहीत आहे, आणि ती कधी बोलली नाही. दोघांना बहिणीला चारा द्यायचा होता. पण मोठा म्हणाला असता 'घे', तर लहान्याला तो टोमणा वाटला असता. लहाना म्हणाला असता, तर मोठ्याला. शिवाय तिनं ते घेतलंच नसतं. म्हणून दोघांनी काही न बोलता नांगर लांब वळवला आणि गवत वाढू दिलं. मी ज्याला पडीत समजत होतो, ते त्यांनी वर्षानुवर्षं पेरल्यासारखं जपलं होतं. लिहायला मात्र माझ्याजवळ तोच एक शब्द होता.

खरं तर मी निघून गेलो असतो. पण तेवढ्यात गाईनं खुंट्याला हिसका दिला आणि तिचा पाय चुन्याच्या फराट्यावर पडला. पांढरं तिच्या खुराला लागलं. रुपराव ते बघत होते. त्यांनी अंगावरचं उपरणं सारखं केलं, जणू देवळात चाललेत, आणि कपाशीच्या ओळीवरून गवतात पाऊल टाकलं. भाऊबीज नसताना त्यांनी तिथं पाय ठेवला होता.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "गोपिकेचं हाये."

"तुमच्या बाजूचं?"

"दोन्ही बाजूचं."

"माह्या बाजूचं तू काहून देतं?"

भैय्याजी बोलला होता. मला वाटलं माझ्याशी. पण तो माझ्याकडं बघत नव्हता. तो भावाकडं बघत होता, सरळ, डोळ्यांत. आणि तोही गवतात आला होता.

रुपराव वळले. "तू देऊन राहिला होता का?"

"देऊन राहिलो होतो! मीच पयले सोडलं तवा! तिची गाय आली तवा मीच पयले!"

"पयले म्या. तू मंग."

"म्या!"

"तुले माहीत नसीन. म्या आखाड लागताच सोडलं होतं."

नानाजीनं डोकं खाजवायला टोपी काढली आणि घालायला विसरला. मी वही बगलेत धरून उभा होतो. त्या पोळ्यानंतर दोघं भाऊ पहिल्यांदा बोलत होते आणि भांडण चाललं होतं ते आधी कुणी दिलं याचं. भैय्याजीचा आवाज वर चढून मग एकदम खाली आला.

"दादा," तो म्हणाला, आणि थांबला.

रुपराव त्याच्या गाडीच्या बैलाकडं बघत होते, वाटणीत दिलेल्या त्या पांढऱ्या बैलाकडं. मग म्हणाले, "त्याच्या खांद्याले काय झालं गा?"

"सुजला. जोडीचा दुसरा उंच पडते."

"हळद लावली का?"

"लावली."

गोपिकाबाई खाली बसली आणि मोठ्यानं रडली. कुणीही तिला थांबवलं नाही. मी उगाच नकाशा उलगडून बघत राहिलो, उलटा धरून.

जबाब झाला. दोन्ही भावांनी सह्या केल्या, तिनं अंगठा दिला. मी 'गोपिका' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, बापाचं नाव पुढं लावून, आणि हरकत नोंदवली. इंजिनिअरसाहेब कुरकुरले, पण रस्ता गाडरस्त्यानं गेला.

मग जमिनीचा प्रकार लिहायचा उरला. मालकाचं नाव आहे, पण नांगर नाही, पेरणी नाही, आणि कारणाचा रकाना रिकामा. मला वाटलं, आता तिची झाली, तर ती बरीचशी जमीन नांगरून काही पेरेल. निदान ज्वारी. मी तिला विचारलं, "बाई, पुढच्या पावसाळ्यात वाहीत करशील ना? भाऊ नांगर देतील. म्हणजे मी चालू पड लिहितो."

तिनं डोळे पुसले. दोघं भाऊ तिकडं गाडीपाशी बैलाच्या खांद्यावर वाकून उभे होते, एकाचा हात सुजेवर, दुसऱ्याचा जुवावर.

"नाही साहेब," ती म्हणाली. "पडीतच राहू द्या. नांगरलं तर हे दोघं उभे कोठी राहतील?"

मी पडीत लिहिलं.